छातीएवढं वर

हेलिकॉप्टर जमिनीपासून छातीएवढं उचललं म्हणजे ते उडालं, असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. तोंडातला घास गिळायच्या आत मी वाद घालायला लागतो. घरचे म्हणतात, जाऊ द्या हो, कशाला लोकांच्या मागे लागता. पण मी जाऊ देत नाही. छातीएवढं उचलणं वेगळं आणि झाडांवरून निघून जाणं वेगळं. या दोन्हींच्या मधे जी जागा असते, तिथे माझ्या घरातली तीन माणसं अडकली. एक मी, दुसरी माझी आई आणि तिसरी माझी धाकटी बहीण.

साठ सालाच्या पुढची दोन-चार वर्षं धरा. रायगडचा हा किनारा तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. किनाऱ्याच्या पाहणीचं सरकारी काम निघालं होतं आणि त्यासाठी एक छोटं हेलिकॉप्टर आलं होतं. पुढे दोघं, मागच्या बाकावर दोघं, बाकामागे सामानाचा एक कप्पा, एवढाच त्याचा संसार. त्याचा मेकॅनिक मी. चार वर्षं घराबाहेर राहून काम शिकलो आणि नशीब असं, की नेमणूक झाली ती दिवेआगरच्या वाळूच्या पुळणीवर, माझ्या गावापासून दोन कोसांवर! आमचं गाव बोर्ली पंचतनच्या बाजूला, डोंगराच्या बेचक्यात. भातशेतीवाले आम्ही. गावात पहिल्यांदा बातमी पोचली तेव्हा सगळ्यांना वाटलं, विमान मीच चालवतो. मी चालवत नाही, मी दुरुस्त करतो, हे कळल्यावर काका म्हणाले, "म्हंजे गाडीवान न्हाय, वंगण लावणारा." काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चालायचा.

वंगण लावणारा तर वंगण लावणारा. पण माझ्या कामाचा मला फार ताठा होता. माझी एक लोखंडी हत्यारांची पेटी होती, पाने, हातोड्या, सुटे भाग, सगळं त्यात. यंत्र जिथे जाईल तिथे पेटी गेली पाहिजे, अशी आमच्या उस्तादाची शिकवण. रोज सकाळी तपासणीसाठी मी ती बाहेर काढायचा, काम झालं की लगेच परत कप्प्यात ठेवायचा. दोन्ही हातांनी कंबर सांभाळून उचलावी लागायची. एकदा पेटी आत गेली आणि कडी लागली की मग ती मला यंत्राचाच अवयव वाटायची.

पायलटसाहेब उत्तरेकडचे, कमी बोलणारे. बोलायचे हिंदीत, मी इथं मराठीत सांगतो. रोज सकाळी ते एक गोष्ट न चुकता करायचे. यंत्र चालू करून छातीएवढं वर उचलायचं, तसंच एका जागी तरंगत ठेवायचं, समोरचे काटे बघायचे, आणि मग पुढे निघायचं. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, "साहेब, उचललंच आहे तर लगेच का जात नाही?" तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं, ते मी पुढे जन्मभर सांगत आलो. वरची पाती हवा खाली ढकलतात. जमीन जवळ असली की त्या हवेला खाली पळायला वाट नसते, ती अडते आणि बाजूंनी पसरते. त्यामुळे पात्यांचं काम हलकं होतं, कमी ताकदीत यंत्र तरंगतं. वर जाऊ लागलं, की ही मदत कमी कमी होत जाते. पात्यांच्या घेराएवढ्या उंचीवर पोचेपर्यंत ती संपतेच. तिथून पुढे सगळं इंजिनाच्या जिवावर. वारा नसेल, ऊन असेल, वजन जास्त असेल, तर खाली ऐटीत तरंगणारं यंत्र वर गेल्यावर धापा टाकायला लागतं आणि खाली बसतं.

"मग आपण रोज जातो ते कसं?" मी विचारलं.

"आपल्यापुढे कोसभर पुळण आहे," ते म्हणाले. "जमिनीलगत पुढे पळत सुटायचं. वेग आला की पातीही मन लावून काम करतात, मग वर जाता येतं. अवघड असतं ते उभ्याउभ्या वर चढणं. उभं चढायची वेळ आली ना, तर एकेक पौंड मोजायचा."

हे ऐकून मला इतका आनंद झाला, की त्या रविवारी घरी जाऊन मी सगळ्यांना बसवूनच घेतलं. ओटीवरचा पाट दोन्ही हातांनी आडवा धरला आणि झटक्यात जमिनीकडे नेला. शेवटच्या चार बोटांत पाटाखालची हवा बाजूंनी निघाली आणि चुलीजवळची राख उडून आईच्या लुगड्यावर गेली. "बघा, जमिनीजवळ हवा अशी अडते," मी म्हटलं. काका म्हणाले, "राख उडाली, ह्ये दिसलं." आई लुगडं झटकत हसत होती. धाकटीही हसली. ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचं सासर मुंबईत, नवरा गिरणीत. सातवा महिना लागला होता तेव्हा. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा रिवाज. मुंबईत दवाखाने दाराशी असताना पोरीला डोंगरातल्या गावात आणायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण मला विचारतो कोण?

आई एकदा पुळणीवर यंत्र बघायला आली होती. चालत आली, दोन कोस, अनवाणी. डोक्यावर टोपली. टोपलीत पोहे, चार नारळ, शहाळी, लाल तांदळाच्या भाकऱ्या. "ह्यो साहेबांना वानोळा," म्हणाली. आमच्याकडे कोणी कोणाच्या दारी गेलं की घरचं काहीतरी घेऊन जाणार, आणि परत निघताना काहीतरी बरोबर दिलं जाणार. रिकाम्या हातानं जाणं म्हणजे त्या माणसाचं नाक कापण्यासारखंच. साहेबांनी दोन्ही हातांनी टोपली घेतली, वाकून नमस्कार केला. आईनं यंत्राला हात लावून बघितला आणि मला विचारलं, "ह्यात माणूस बसला का जड व्हतं व्हय?" मी म्हटलं, "होतं." "मंग ह्यात जाड्या माणसानं बसू नये," ती म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसली. ती स्वतः काडीसारखी होती.

माघातली दुपार होती. आमच्या गावचा एक गडी सायकल हाणत पुळणीवर आला, तोंडाला फेस आलेला. धाकटीला दोन दिवस झाले कळा येत होत्या. बाळ अडलं होतं. सुईणीनं हात टेकले होते. बोर्लीचा डॉक्टर बघून गेला आणि म्हणाला, हिचं पोट उघडावं लागेल, मुंबईला न्या. मुंबईला न्या! बैलगाडीनं दिघी, तिथून होडीनं आगरदांडा, तिथून मोटार मिळाली तर मुरूड, अलिबाग, पुढे धरमतरची खाडी. धडधाकट माणसाचा दिवस मोडायचा त्यात. ती वाटेतच गेली असती, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

मी साहेबांपुढे उभा राहिलो. एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, घड्याळ बघितलं आणि एवढंच विचारलं, "उतरायला जागा कुठे आहे?"

मी वाळूत बोटानं गाव काढून दाखवलं. गावाखाली खाजणाचा, म्हणजे खारवट दलदलीचा, पट्टा होता, हिवाळ्यात वाळून कडक झालेला, लांबच्या लांब उघडा. मी म्हटलं, तिथे उतरू, तिथून पळत सुटून वर जाता येईल. साहेबांनी मान हलवली. म्हणाले, "यंत्र रिकामं कर. एकूण एक गोष्ट काढ."

मी काढली. पाहणीची दुर्बीण, तिची तिकाटणी, मोजणीच्या साखळ्या, दोर, तेलाचा सुटा डबा, पावसाळी कापड, झाडून सगळं. साहेबांचा चहाचा थर्मास होता पुढच्या सीटखाली, तोसुद्धा वाळूवर ठेवला. साहेबांनी विचारलं, "सगळं काढलंस?" मी म्हटलं, "होय साहेब, सगळं."

गावावर पोचलो तर खाजणात चिटपाखरू नाही. सगळं गाव आमच्या घरापुढच्या खळ्यात गोळा झालेलं, काका उपरण्यानं खुणा करतायत, इकडे या, इकडे या! भात झोडून झालं होतं, खळं शेणानं सारवून लख्ख, पण तिन्ही बाजूंनी आंबा-फणस आणि पोफळी, आणि चौथ्या बाजूला घर. साहेबांनी वरून एक घिरटी घातली, माझ्याकडे बघितलं. मी हातानं खाजण दाखवलं. त्यांनी आधी मला खाजणात खाली सोडलं, ते वर घिरट्या घालत राहिले, आणि मी जिवाच्या आकांतानं पळत घरी गेलो.

"काका, तिला खाजणात घेऊन चला. बाजेवर घाला आणि चला!"

"खुळा झालास काय तू?" काका म्हणाले. "वाट मसणवटीवरनं जाते. अडलेल्या बाईला तिथनं न्यायची? यंत्र दारात उतरतंय तर दारात उतरू दे की!"

मी सांगितलं, दारात उतरेल पण दारातून चढणार नाही. उभं चढावं लागेल, झाडं आहेत, वारा पडलाय, ऊन आहे. कोणी ऐकत नव्हतं. बायका म्हणत होत्या, मसणवटीवरून नेली तर पोरगी जगायची नाही. सुईण म्हणाली, हलवली तर इथेच काहीतरी होईल. आतून धाकटीचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि मग तिनं मला हाक मारली, "दादा, मला लांब नको नेऊ रे." माझा धीर सुटला. मी अडून बसायला हवं होतं. अंगावर घेऊन पळायला हवं होतं तिला. नाही पळालो. खळ्याच्या मधे उभा राहून साहेबांना हातानं खाली बोलावलं.

ते उतरले. कसबानं उतरले, पोफळींच्या झावळ्या वाकल्या, पेंढा घरावर उडाला. सामान काही घ्यायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. धाकटीला मागच्या बाकावर आडवी घातली, खाली गोधड्या, डोकं आईच्या मांडीवर. आईचा डावा हात तिनं दोन्ही मुठींत धरला होता. पुढे साहेब आणि मी. साहेबांनी यंत्र उचललं.

छातीएवढं वर आलं. अलगद, तरंगतच! खळ्याभोवती एकच गलका झाला. काकांनी हात जोडले, बायका रडायला लागल्या, कोणी "उडालं, उडालं" म्हणून नाचायला लागलं. मी साहेबांच्या काट्यांकडे बघत होतो. इंजिनाच्या ताकदीचा काटा शेवटाला टेकला होता आणि अजून आम्ही छातीएवढेच होतो. साहेबांनी थोडं वर न्यायचा प्रयत्न केला. यंत्र माणूसभर चढलं, थरथरलं आणि तसंच खाली आलं.

"तू उतर," साहेब म्हणाले.

मी उतरलो. पुन्हा उचललं. या वेळी घराच्या आढ्याएवढं गेलं. गावाच्या दृष्टीनं ते स्वर्गात गेलं होतं. आढ्याच्या वर जातंय न जातंय, तोच त्याचा दम संपला, आणि ते हळूहळू खाली बसलं. काका माझ्या कानाशी ओरडले, "आरं, उचललं हुतं की! त्यांना जोर लावायला सांग!" जोर लावायला सांग! मी ओरडलो, "जोर संपलाय, काका! खाली जमीन हात देते, वर कोणी देत नाही!" 

मला हिशेब लागत नव्हता. साहेब, धाकटी, आई आणि पेट्रोल. आई ती केवढीशी. एवढ्याला यंत्रानं असं दमायला नको होतं. मी पळत गेलो, मागचं दार उघडलं, बाकाखाली हात घातला. गोधडीखाली गोणपाट लागलं. ओढून काढलं तर तांदळाचं गाठोडं, वर चार नारळ आणि सुपाऱ्यांची पुरचुंडी.

"हे काय आहे, आई?"

यंत्राच्या घरघरीत तिला ओरडून बोलावं लागत होतं. "तिच्या सासरी मुंबईला द्यायला रे. पोरगी माहेरनं रिकामी कशी जाईल?"

"सामान काही घ्यायचं नाही म्हटलं होतं ना!"

"सामान कुठाय? वानोळा हाय."

तिथे माझा तोल गेला. दोन दिवसांचा, त्या दुपारचा, काकांचा, मसणवटीचा, साऱ्या गावाचा राग मी तिच्यावर काढला. गाठोडं उचलून खळ्यात भिरकावलं. ते फुटलं, तांदूळ शेणाच्या जमिनीवर पांढरे पसरले आणि पात्यांच्या वाऱ्यानं उडून लोकांच्या पायांत गेले. "पोरगी मरतेय आणि तुला तांदूळ सुचतायत! अक्कल गहाण ठेवलीस काय?" सगळ्या गावासमोर मी आईला असं बोललो. त्याआधी कधी बोललो नव्हतो. ती धाकटीच्या कपाळावरचा घाम पुसत राहिली.

तिसऱ्यांदा उचललं. आढं ओलांडलं, आंब्याच्या निम्म्यावर गेलं. मी खाली मुठी आवळून उभा. आता जाईल, आता जाईल. आंब्याच्या फांदीपासून हातभर अंतरावर ते डगमगलं आणि साहेबांनी ते कसंबसं खळ्यात आणून टेकवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"अजून थोडंच हवंय. आत दुसरं काही आहे?"

"नाही साहेब. काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मागे बघितलं. म्हणाले, "मग तुझी आई. तिच्यासाठी पुन्हा खाजणात उतरण्याएवढं पेट्रोल उरलं नाही."

मी मागच्या दाराशी गेलो. आईला सांगितलं, उतर. तिला कळेना. धाकटीला मात्र आधी कळलं. तिनं आईचा हात आणखी घट्ट धरला. "आई नको जाऊ. आई, मला एकटीला नको सोडू." आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "तू बसलीस तर यंत्र चढत नाही. तू जड होतेयस. तुला तिला मारायचीय का?"

हेच शब्द. तू जड होतेयस.

आईनं एकेक बोट करून आपला हात सोडवून घेतला. धाकटी ओरडत होती. मी आईला काखेत हात घालून उचललं आणि खळ्यात ठेवलं, आणि आडव्या पडलेल्या धाकटीला पट्ट्यांनी बाकाला बांधलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. ती आईकडे बघत होती.

चौथ्यांदा यंत्र उचललं. छाती, आढं, आंब्याचं निम्मं, शेंडा. शेंड्यावर ते क्षणभर टांगल्यासारखं राहिलं, मग नाक खाली करून पुढे सरकलं आणि झाडांपलीकडे गेलं. आवाज डोंगरावरून बराच वेळ येत होता. आई खळ्यात वाकून तांदूळ गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुळणीवर परत आलो. थोड्या वेळानं हेलिकॉप्टर उतरलं. साहेबांनी उतरताच सांगितलं, "बहीण वाचली. बाळ नाही वाचलं." उशीर झाला होता, डॉक्टरांनी म्हटलं. तासभर आधी आणली असती तर कदाचित तेही वाचलं असतं. तिचा नवरा रात्री उशिरा पोचला, तोपर्यंत ती परक्या माणसांत एकटी होती. वाटेत काय झालं, हे मी विचारलं. साहेब म्हणाले, "मुंबई येईपर्यंत आईला हाका मारत होती."

 उड्डाण झालं की तपासणी करायची, म्हणून पाना घ्यायला मागे गेलो आणि कप्प्याची कडी काढली.

आत माझी पेटी होती.

दुर्बीण काढली होती. दोर काढला होता. थर्मास काढला होता. ही काढली नव्हती, कारण ती काढायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सामान कुठाय, पेटी हाय! साहेबांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी काही उरलं नाही म्हणालो. मी पेटी दोन्ही हातांनी उचलून वाळूवर ठेवली. ती मी रोज उचलत होतो, तिचं ओझं माझ्या हातांना पाठ होतं. आणि आदल्याच दिवशी त्याच हातांनी मी आईला उचलून खळ्यात ठेवलं होतं. काट्यावर घालायची गरज नव्हती. पेटी जड होती. आईपेक्षा पेटी जड होती.

साहेब मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, सिगारेट पेटवली आणि समुद्राकडे तोंड करून चालायला लागले. त्या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

धाकटी त्यानंतर माहेरी आली नाही. पत्र यायचं, त्यात काकांना नमस्कार, मला नमस्कार, आईचं नाव नाही. मी एकदा मुंबईला तिच्या खोलीवर गेलो तेव्हा तिनं सांगितलं, "दादा, तुझं काही नाही रे. तू तुझं काम केलंस. पण तिनं माझा हात सोडवला. एकेक बोट सोडवलं." मी तिच्या हातचा चहा प्यायलो. सांगायला तोंड उघडलं, मग तिच्या नवऱ्यानं गिरणीतलं काहीतरी विचारलं आणि मी त्याला उत्तर देत बसलो. असं एकदा नाही झालं. दर खेपेला काही ना काही आडवं यायचं, आणि नाही आलं तर मी आणायचा.

गावात मात्र त्या दिवसाची गोष्ट रंगवून सांगितली जायची. खळ्यात इमान कसं उतरलं, कसं उचललं, काकांनी कसे हात जोडले. शेवटी कोणीतरी म्हणायचंच, "म्हातारी जड झाली म्हणून चढंना!" सगळे हसायचे. आईही हसायची. "व्हय बाई, मीच जड झाले," म्हणायची. काडीसारखी बाई ती. पण त्या सालापासून ती रात्री जेवेनाशी झाली. एकादशा होत्याच, त्यात सोमवार धरला, मग गुरुवार. मी सुट्टीवर आलो की ओरडायचा, "अगं खा की दोन घास! कशाला उपास एवढे?" ती म्हणायची, "बरं वाटतं रे. हलकं वाटतं."

हलकं वाटतं! माझा संताप व्हायचा. मी ताट आपटायचा, काकांच्या सुनांवर खेकसायचा की तुम्ही हिला वाढत नाही, काकांशी भांडायचा की तुम्ही हिला चिडवू देता. सगळ्यांवर ओरडून झालं की खळ्यात जाऊन बसायचा. खरं काय ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती. आई, तू जड नव्हतीस. माझी पेटी राहिली होती. एवढंच. घरातल्या माणसांना पाट दाखवून हवा कशी अडते ते समजावणारा मी, मला ही दोन वाक्यं जमली नाहीत.

पाच-सहा वर्षांत आई अंथरुणाला खिळली. मी रजा काढून आलो. धाकटीला पत्र टाकलं होतं. उत्तर आलं नव्हतं. एका सकाळी आई म्हणाली, ऊन खायला खळ्यात ने. भाताचे दिवस संपले होते, खळं सारवलेलं होतं. मी तिला उचललं. माझ्या हातांना काही लागलंच नाही. गोधडी उचलल्यासारखं झालं.

आंब्याखाली बाज घातली होती. तिथपर्यंत मी तिला घेऊन आलो तोवर ती वर, झाडांच्या शेंड्यांकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी खऱ्या मनानं विचारलं, "आता चढलं असतं न्हवं रे इमान, मला घेऊन?"

मी म्हटलं, "हो आई. आता चढलं असतं."